घरचे बिटर्स दर खेपेला गढूळ का होतात? चूक शेवटच्या पाण्यात आहे

तक्रार अशी असते. व्हिस्कीत घालायला घरी मसाल्याचे बिटर्स, म्हणजे मसाले मद्यात मुरवून केलेला, थेंबांनी वापरायचा कडवट अर्क, करायला घ्यायचे, दोन आठवडे बरणी मुरवायची, फडक्यातून गाळायची, आणि बाटलीत उतरतं ते ताकाच्या निवळीसारखं काहीतरी. वर तेलाचं बारीक कडं, खाली गाळ. शनिवारी मित्रमंडळी जमली की एकाच्या ग्लासात लवंगेने जीभ बधिर होते आणि दुसऱ्याच्या ग्लासात मसाल्याचा पत्ताच नसतो. माझ्याकडे हे सलग चार खेपा झालं. साहित्य बदललं, बरणी बदलली, व्होडका महागातली आणली, तरी तेच. पाचव्या खेपेला कारण सापडलं आणि त्यानंतर एकही बाटली बिघडलेली नाही. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. इथे घरी दारू गाळण्याचा काहीही संबंध नाही. दुकानातून आणलेल्या व्होडकात मसाले मुरवायचे, एवढंच. महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे आणि परवानाही लागतो, ते पाळूनच हे करायचं. आणि सर्जिकल स्पिरिट, सॅनिटायझर, थिनर यांतलं काहीही, एक थेंबसुद्धा, या कामाला वापरायचं नाही. त्यात मिथेनॉल असू शकतं, आणि मिथेनॉलने माणूस आंधळा होतो, दगावतो. ‘जास्त स्ट्राँग स्पिरिट हवं’ म्हणून कुणी असा सल्ला दिला तर तो तिथेच थांबवा.

बिटर्सवर एवढा जीव का टाकायचा, तर त्यांच्याशिवाय हे पेय उभंच राहत नाही. १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वर्तमानपत्राने कॉकटेल म्हणजे काय ते छापलं होतं: मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स. चारच गोष्टी. आपण करतो ती मसाला व्हिस्की त्याच घराण्यातली. ६० मिली व्हिस्की, थोडा पाक, बर्फाचं वितळलेलं पाणी आणि बिटर्स. आपल्याकडच्या बऱ्याच व्हिस्क्या मळीपासून केलेल्या मद्यात माल्ट मिसळून बनवलेल्या असतात. त्यांचा अंगचा गोडवा जास्त, त्यात पाक पडला की पेय मिठाईसारखं लागतं. त्या गोडव्याला लगाम घालतो तो कडवटपणा. म्हणूनच बिटर्स बिघडले की सगळा ग्लास बिघडतो.

आधी दोष कुठे आहे ते शोधा

मी पहिल्यांदा पाण्याला दोष दिला. आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतो, बोअरचं पाणीही मिसळतात. त्या पाण्याचा बर्फ पांढरा होतो आणि वितळताना ग्लासात पांढरे कण सोडतो. म्हणून पाणी उकळून, गाळून बर्फ लावला. बर्फ सुधारला, बाटली होती तशीच राहिली. अर्थात बाटली तर बर्फ पडण्याच्या आधीपासूनच गढूळ होती. हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

त्यामुळे अंदाज बांधत बसण्यापेक्षा तीन सोप्या परीक्षा करा. नुसत्या व्हिस्कीत बर्फ घाला, बाकी काही नको. तीच धुरकट झाली तर बिटर्सचा दोष नाही. ४६ टक्के मद्यार्काच्या आसपासच्या काही सिंगल माल्ट थंड करून गाळलेल्या नसतात. त्यांतले तेलकट अंश बर्फाने गोठतात आणि पेय धूसर दिसतं. ते बिघडलेलं नाही, निर्धास्त प्या.

दुसरी परीक्षा बिटर्सच्या बाटलीची. भांड्यात हाताला सोसेल इतकं कोमट पाणी घ्या आणि बंद बाटली दहा मिनिटं त्यात उभी ठेवा. गॅसजवळ नेऊ नका, आत मद्य आहे. बाटली निवळली तर गढूळपणा तेलाचा आहे. निवळली नाही, तर तिसरी परीक्षा: दोन चमचे बिटर्स कॉफीच्या कागदी गाळणीतून गाळा. स्वच्छ उतरले तर दोष मसाल्याच्या भुकटीचा किंवा सालीच्या गराचा. कागदातूनही तसेच गढूळ उतरले तर परत तेलच, कारण तेलाचे थेंब इतके बारीक असतात की कागद त्यांना अडवत नाही.

माझी बाटली कोमट पाण्यात जवळजवळ निवळली आणि गार झाल्यावर पुन्हा दुधी झाली. प्रश्न तेलाचा होता.

खरं कारण

मसाल्याचा वास म्हणजे त्यातलं तेल. लवंगेत युजेनॉल, चक्रीफूल आणि बडीशेपेत अनेथॉल, संत्र्याच्या सालीत लिमोनीन. ही तेलं मद्यात विरघळतात, पाण्यात जवळजवळ नाहीत. मद्याचं प्रमाण भरपूर आहे तोवर ती गुपचूप विरघळून राहतात, पेय काचेसारखं दिसतं. पाणी वाढवलं की एका टप्प्याला ती सुटून बाहेर येतात आणि बारीक थेंबांचं दूध होतं. ग्रीस-तुर्कस्तानकडची बडीशेपेच्या वासाची मद्यं पाणी घातल्यावर पांढरी होतात ती याच कारणाने. तिथे ते हवं असतं, आपल्याला नको.

आता घरच्या बिटर्सची बहुतेक कृती बघा. मसाले मद्यात मुरवा, गाळा, मग तोच चोथा पाण्यात उकळून त्याचा काढा करा, दोन्ही एकत्र करा, थोडा पाक घाला. ही कृती जिथे लिहिली गेली तिथे दुकानात ७५ टक्क्यांची रम किंवा त्याहून कडक धान्याचं मद्य मिळतं. आपल्या वाईन शॉपमध्ये व्होडका, रम, व्हिस्की काहीही उचला, लेबलवर बहुतेक वेळा ४२.८ टक्के हाच आकडा असतो.

हिशेब मांडून बघितला तेव्हा उलगडा झाला. गाळल्यावर हाती २०० मिली अर्क. त्यात २०० मिली काढा आणि ३० मिली पाक. त्यांच्या ७५ टक्क्यांच्या मद्यात हे सगळं घातलं तरी शेवटी साधारण ३५ टक्के उरतात. आपल्या ४२.८ मध्ये घातलं की उरतात जेमतेम २०. त्या वीस टक्क्यांत तेवढं तेल मावत नाही, म्हणून ते बाहेर येतं. वर कडं धरतं, थेंब सारखे पसरत नाहीत, आणि बाटली न हलवता ओतलं तर एका ग्लासात तेलच तेल, दुसऱ्यात मसाल्याचं पाणी. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच होतं.

इथे अनेक जण म्हणतात की मग आपल्याकडच्या मद्यात बिटर्स होणारच नाहीत. मला ते पटत नाही. जगभर चालणारे अंगोस्तुरा बिटर्स बाटलीत ४४.७ टक्क्यांचे असतात. योहान सीगर्ट या जर्मन डॉक्टरांनी ते १८२४ मध्ये व्हेनेझुएलात, अंगोस्तुरा गावी, पोटाचं औषध म्हणून बनवले. म्हणजे तयार बाटलीतला आकडा आपल्या ४२.८ पासून फार लांब नाही. आपण फक्त त्यात पाणी ओतायचं नाही.

काढा वाया घालवायचा का? अजिबात नाही. तो पाकात घाला. चोथा एक कप पाण्यात पाच मिनिटं उकळा, गाळा, जितकं पाणी तितकी साखर घाला, साखर विरघळली की गॅस बंद. एकतारी होऊ द्यायचा नाही, तार आली तर फ्रीजमध्ये खडे धरतात. मसाल्याचा पाण्यात उतरणारा रंग आणि तुरटपणा पाकात येतो, तेलाचा वास बिटर्समध्ये राहतो, आणि दोघांची भेट थेट ग्लासात होते. ग्लासात ६० मिली व्हिस्की असते, बर्फाचं पाणी आणि पाक धरूनही ते पेय तीसएक टक्क्यांचं राहतं, आणि त्यात बिटर्स असतात दीड मिली. एवढंसं तेल तिथे सहज सामावतं.

गुळाचा पाक मात्र गढूळच दिसणार, त्याला इलाज नाही. चवीला तो छान आहे. ज्याला दिसण्याचं वावडं नाही त्याने जरूर करावा.

एका बरणीत सगळे मसाले नकोत

पाणी बंद केल्यावर बाटली स्वच्छ झाली, पण लवंग अजून सगळ्यांवर बसत होती. त्याचं उत्तर आमच्या सासूबाईंनी दिलं. एप्रिल होता, साठवणीचा गोडा मसाला चालला होता. ओट्यावर परातीत दगडफूल, नागकेशर, तमालपत्र, मिरे, लवंगा, दालचिनी, धने, खोबरं असे वेगवेगळे ढीग. शेजारी माझी बरणी, तिच्यात सगळं एकत्र. त्यांनी बरणी उजेडात धरली, हलवली आणि विचारलं, “हे सगळं एकदमच घातलंस?”

“हो आई.”

“अगं, दगडफूल नि धने मी एका वेळी कढईत टाकते का कधी? धने होईपर्यंत दगडफूल जळून जाईल. प्रत्येकाचा वेळ वेगळा. हे मुरवणं असलं म्हणून काय झालं?”

मग त्यांनी एक लवंग तेलात सोडली. ती फुगून टम्म झाली तशी झाऱ्याने काढली, दुसऱ्या ताटलीत ठेवली, आणि मगच दालचिनी घातली. दर जिन्नस निघाल्यावर कढईत उरलेलं तेल बघायच्या. मी तेवढं बघून वर्षानुवर्षं तोच मसाला खाल्ला होता, पण ते माझ्या बरणीला लागू आहे हे मला सुचलं नव्हतं.

लवंगेच्या कळीत वजनाच्या पंधरा ते वीस टक्के तेल असतं आणि त्यातला मोठा भाग युजेनॉल. दात दुखला की लवंगेचं तेल लावतात ते ती जागा बधिर व्हावी म्हणून. अशी लवंग दोन आठवडे मद्यात ठेवली तर जीभ बधिर होणारच. उलट वाळलेली संत्र्याची साल पहिल्या दिवशी काहीच देत नाही, तिला चार-पाच दिवस लागतात. दोघी एका बरणीत असतील तर एकीच्या वेळेला दुसरी वाया जाते.

म्हणून आता मी सात छोट्या बाटल्या करते, प्रत्येकीत ५० मिली व्होडका. बोहरी आळीत ड्रॉपरच्या काचेच्या बाटल्या मिळतात, त्या उत्तम. प्लास्टिक नको, ही तेलं प्लास्टिकला धरतात. एका बाटलीत पाच लवंगा, चोवीस तास, मिनिटभरही जास्त नाही. एकीत एक चक्रीफूल, तेही एक दिवस. सहा वेलदोडे किंचित ठेचून, एक ते दीड दिवस. बोटभर दालचिनी तोडून, तीन दिवस. चमचाभर मिरे आणि चिमूटभर दगडफूल एकत्र चालतात, दोन दिवस. नागपुरी संत्र्याची वाळवलेली साल मूठभर, चार-पाच दिवस. सातवी बाटली कडू, तिच्याबद्दल खाली. मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा हे सगळं लवकर उतरतं, म्हणून घड्याळापेक्षा जिभेवर भरवसा ठेवा: दररोज एक थेंब चमचाभर पाण्यात घालून चाखायचा, आणि चव पटली की लगेच गाळायचं.

मसाल्याची पूड कधीही वापरू नका. दालचिनीची पूड तर मुळीच नाही. ती मद्यात भिजून बुळबुळीत, तार धरणारा लगदा होतो आणि कागदाची गाळणी दोन चमच्यांत बंद पडते. मंडईत किंवा रविवार पेठेत दालचिनी घेताना हेही बघा: जाड, एकाच पदराची गुंडाळी म्हणजे चिनी जातीची साल, तिखट आणि जास्त चिकट. पातळ पापुद्र्यांची, विडीसारखी वळलेली असेल ती सिलोनची. या कामाला दुसरीच घ्या, महाग असली तरी लागते बोटभरच.

साल वाळवलेलीच हवी, आणि आतला पांढरा भाग खरवडून काढलेला. ओल्या सालीत पाणीच जास्त, ते मद्य पातळ करतं, म्हणजे पुन्हा तोच गढूळपणाचा प्रश्न. पांढऱ्या भागात पेक्टिन असतं. मार्मालेड घट्ट होतं ते त्यानेच. साल उकळली की पेक्टिन पाण्यात येतं, आणि ते पाणी मद्यात ओतलं की त्याचे जेलीसारखे धागे होतात. माझ्या तिसऱ्या खेपेच्या तळाशी जो ‘गाळ’ होता तो हाच. चमच्यावर घेऊन वाकडा केला तर घरंगळत एकत्र पडायचा, मातीसारखा पसरायचा नाही.

कडूपणा येत नसेल तर

बऱ्याच घरच्या बिटर्समध्ये कडू घटकच नसतो. लवंग, दालचिनी, साल यांनी वास येतो, कडवटपणा नाही. जे तयार होतं तो मसाल्याचा अर्क, बिटर्स नव्हेत. पाश्चात्त्य कृतीत जेन्शियनचं मूळ असतं, ते इथे सहज मिळत नाही म्हणून लोक वगळून टाकतात. आपल्याकडे त्याच कुळातलं काडेचिराईत आहे. लहानपणी तापात ज्याचा काढा प्यायला लावायचे तेच. काष्ठौषधींच्या दुकानात काड्यांची जुडी मिळते. दोघांत अमरोजेन्टिन नावाचं द्रव्य आहे, निसर्गातल्या सर्वांत कडू पदार्थांत ते मोजलं जातं. त्यामुळे ५० मिलीला बोटाएवढ्या चार काड्या पुष्कळ झाल्या. सहा तासांपासून चाखायला लागा, दिवसाच्या आत गाळा. रात्रभर विसरलात तर फेकू नका, फक्त मिसळताना निम्मं घाला.

मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेले असतील तर चिराईत डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गरोदरपणात तर मद्यच नको.

मिसळणं आणि ग्लास

मिसळायचं थेंबांनी. साध्या सोड्याच्या ग्लासात आधी चव बघा, व्हिस्कीत नाही. सोड्यात तो ग्लास धुरकट झाला तर घाबरू नका, तिथे मद्य नसल्यामुळे तेल सुटतं. माझं सध्याचं प्रमाण: संत्र्याची साल १० भाग, चिराईत ४, दालचिनी ४, मिरे-दगडफूल ३, वेलदोडा २, लवंग १, चक्रीफूल १. लवंग आणि चक्रीफूल एकेक भागापुढे जाऊ देत नाही. दगडफुलाने व्हिस्कीत एक मातकट, धुरासारखा वास येतो तो मला फार आवडतो, आणि तो कुठल्याही विकतच्या बाटलीत मला मिळालेला नाही.

‘ग्लासात चवच लागत नाही’ ही तक्रार असेल तर थेंब मोजा. कृतीत ‘दोन डॅश’ लिहिलेलं असतं आणि आपण ड्रॉपरचे दोन थेंब टाकतो. एक डॅश म्हणजे पाऊण-एक मिली, ड्रॉपरचे पंधराएक थेंब. दोन डॅशला तीस थेंब लागतात.

बाकी सोपं. ग्लासात चहाचा दीड चमचा पाक, तीस थेंब बिटर्स, ६० मिली व्हिस्की, बर्फ, आणि लांब चमच्याने वीस ते तीस सेकंद ढवळायचं. घरच्या फ्रीजचा बर्फ लहान आणि ओलसर असतो, लवकर विरघळतो, म्हणून वीस सेकंदच पुरे. बर्फाचा ट्रे झाकून ठेवा. उघड्या ट्रेला शेजारच्या ओल्या नारळाचा, मटाराचा वास लागतो आणि मग दोष बिटर्सना मिळतो. वरून संत्र्याच्या सालीचा तुकडा ग्लासावर मुडपून पिळायचा, तेलाचा फवारा पेयावर पडला पाहिजे.

डिसेंबर-जानेवारीत एक फोन नक्की येतो: बाटली चांगली होती, आज सकाळी दुधी दिसते. चक्रीफुलातलं अनेथॉल शुद्ध रूपात वीस-एकवीस अंशांखाली गोठतं, आणि पुण्यात रात्री पारा दहा-बाराला येतो. गार ओट्यावर ठेवलेल्या बाटलीत ते थोडं सुटतं. दुपारी ऊब आली की आपोआप निवळतं. बाटली फ्रीजमध्येही ठेवू नका, त्याच कारणासाठी. फडताळात, अंधारात, मुलांच्या हाताला न लागेल अशा उंचीवर. दिसायला ती खोकल्याच्या औषधासारखी असते, त्यामुळे नाव आणि तारखेची चिठ्ठी लावा, आणि दर वेळी ओतण्याआधी दोनदा उलटी-सुलटी करा. तळाचे शेवटचे चार-पाच मिली बारीक गाळ धरतात. ते ग्लासात न घालता मी पुढच्या खेपेच्या पाकात उकळून टाकते.